दुसरी रेघ

मास्तरांपुढे नाक करण्यापेक्षा कोरोना परवडला, असं आमच्या बाकड्यावर बसलेले लोक म्हणायचे. मी समोरच केसपेपर लिहायला असायचे, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. मास्तरांनाही यायचं. पण ते काडी हातात घेऊन शांतपणे म्हणायचे, "वर बघ. पंख्याला पाती किती ते मोज." माणूस मोजायला लागला की काडी आत. पंख्याला तीनच पाती होती, आणि रोज येणाऱ्या ट्रकवाल्यांना ती पाठ झाली होती. तरी मास्तरांनी सांगितलं की माणसं पुन्हा मोजायची.

कडोदऱ्याच्या हायवेवर टायरवाला आणि फरसाणवाला यांच्या मध्ये आमचं क्लिनिक. बोर्डावर गुजरातीत 'तात्कालिक सारवार', म्हणजे तातडीचे उपचार, असं लिहिलेलं. तातडीचं म्हणजे काय, तर लूममध्ये बोट गेलेला, डाइंगमध्ये भाजलेला, ढाब्यावरचं खाऊन पोट बिघडलेला, जो येईल तो. डॉक्टर एकच, त्यांना सगळे मॅडम म्हणायचे. कोरोना आला आणि बाकीचं सगळं मागे पडलं. मिलच्या गेटवर रिपोर्ट, सरहद्दीवर रिपोर्ट, लग्नाला जायचं तर रिपोर्ट. पंधरा मिनिटांत होणाऱ्या टेस्टचे खोके मॅडमनी मागवले आणि सकाळपासून रांग लागायला लागली.

मास्तर शाळेतले मास्तर नव्हते. पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये ते शेडमास्तर होते. व्यापारी नमुन्याचा तुकडा पाठवतो, तसाच रंग अख्ख्या लॉटला यायला हवा. तो आला की नाही हे डोळ्यांनी बघायचं आणि लॉट पास करायचा किंवा परत भट्टीत पाठवायचा, हे शेडमास्तरचं काम. मिलमध्ये शेठनंतर त्यांचाच शब्द. पुढे शेठच्या मुलाने रंग जुळवायला कॉम्प्युटर आणला. मास्तरांनी तो तीन दिवस पाहिला आणि चौथ्या दिवशी राजीनामा दिला. "त्याला विचारलं, हा गुलाबी कसा वाटतो, तर आकडा सांगतो," असं ते सांगायचे. या गोष्टीला वर्ष झालं होतं तरी त्यांचा राग ताजा होता.

आमच्याकडे ते आले ते बीपीच्या गोळ्या न्यायला. मॅडम ट्यूबलाइटखाली एक कॅसेट धरून डोळे बारीक करत होत्या. कॅसेट म्हणजे टेस्टची ती पांढरी प्लास्टिकची पट्टी. एक रेघ आली तर टेस्ट चालली एवढंच कळतं, दुसरीही आली तर माणूस पॉझिटिव्ह. दुसरी रेघ आहे की नाही हे मॅडमना ठरवता येत नव्हतं. मास्तर बाकड्यावरून उठले आणि म्हणाले, "उजेडात आणा." मॅडमनी का कुणास ठाऊक, आणली. मास्तरांनी ती पायरीवर नेली, एकदा तिरकी केली आणि सांगितलं, "आहे. कांदा."

मॅडमनी विचारलं, "कांदा एटले शूं?"

कांदा म्हणजे कांद्याच्या सालीचा गुलाबी. साडीच्या बाजारात त्याच नावाने चालतो. दोन दिवसांनी त्या माणसाचा सरकारी रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि मॅडमनी मास्तरांना कामावर ठेवलं. आमचा लॅबचा माणूस टाळेबंदीच्या भीतीने गावी निघून गेला होता. काडी कशी घालायची, थेंब किती टाकायचे, हे मॅडमनी त्यांना दोन दिवसांत शिकवलं. त्या दिवसांत कुणी कुणाचं सर्टिफिकेट बघत नव्हतं.

मास्तरांनी क्लिनिकची मिल केली. पेशंटला ते पेशंट म्हणत नसत, लॉट म्हणत. "कितवा लॉट?" असं मला विचारायचे, आणि समोर बसलेली बाई घाबरून माझ्याकडे बघायची. खिडकीशी त्यांचं टेबल, त्यावर पांढरा कागद, कागदावर कॅसेटी ओळीने. सकाळी दहाच्या आधी आणि दुपारी चारनंतर ते त्या टेबलावर रेघ वाचत नसत, कारण तेव्हा उजेड पिवळा असतो. चारनंतर कुणी आलं तर कॅसेट घेऊन पायरीवर जायचे, तिथेही जमलं नाही तर "उद्या ये" म्हणायचे. तोंडावरची पारदर्शक ढाल वाचताना काढून ठेवायचे. मॅडम ओरडल्या की म्हणायचे, "ही निळसर आहे. हिच्यातून बघितलं तर तुम्हीसुद्धा पॉझिटिव्ह दिसता."

मिलमधून येताना त्यांनी एक शेडकार्ड आणलं होतं. पुठ्ठ्यावर गुलाबी कापडाचे पंचवीसेक तुकडे, वर अगदी फिका, खाली गर्द राणी. सगळे त्यांनी स्वतः कापून लावलेले. रेघ त्या कार्डाला लावून ते निकाल सांगायचे. "पॉझिटिव्ह, बेबी पिंक." "पॉझिटिव्ह, गाजरी." मी रिपोर्टवर नुसतं पॉझिटिव्ह लिहायचे. ते त्यांना आवडायचं नाही.

"मास्तर, मने फक्त हा के ना कहो ने," मॅडम वैतागून म्हणायच्या.

"मॅडम, रंग आहे का, असं बाजारात कुणी विचारत नाही. किती आहे, असं विचारतात."

अंगात कायम पांढराशुभ्र फुल शर्ट. चाळीस वर्षं रंगात काढली, आता एक थेंब नको म्हणायचे. ते फक्त कपड्यांपुरतं असतं तर ठीक, पण जिलेबी पिवळी म्हणून खायचे नाहीत, सरबत लाल म्हणून प्यायचे नाहीत. होळीला तर खोलीला आतून कडी लावून बसायचे. मी एकदा बाहेरून विचारलं, "मास्तर, एक टिकली लावू?" आतून उत्तर आलं, "मी पगार घेऊन रंग लावतो. फुकट नाही." बायको जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, मुलगी शिरपूरला दिलेली. एकटा माणूस, त्याला असली थेरं परवडतात, असं मॅडमसुद्धा म्हणायच्या.

पण त्या थेरांचा उपयोगही झाला, हे मला सांगितलं पाहिजे. एक दिवस मिलचा एक कामगार आला. मास्तरांनी काडी घालून बाहेर काढली तर ती फिरोजी. मॅडम दोन पावलं मागे सरकल्या. असा कोरोना त्यांनी कुठे वाचला नव्हता. मास्तरांनी काडी उजेडात धरली आणि त्या माणसाला विचारलं, "रंगाचा डबा आज तू उघडलास ना? तोंडाला फडकं न बांधता?" माणूस हो म्हणाला. रंगाची भुकटी नाकात बसलेली, तीच काडीला आली होती. अशी काडी पट्टीवर गेली तर पट्टी रंगते आणि खरी रेघ कुठे, खोटी कुठे, काही कळत नाही. त्या दिवसापासून डाइंगचा माणूस आला की आधी नळावर, कोमट पाण्याने तीनदा नाक स्वच्छ, मग टेस्ट. हा नियम मास्तरांचा, आणि मॅडमनी तो दुसऱ्या क्लिनिकांनाही कळवला.

पॉझिटिव्ह रिपोर्ट हवा असलेले उलटे लोकही यायचे. एक लूमवाला हळूच म्हणाला, "मास्तर, मेहुण्याची हळद आहे. शेठ सुट्टी देत नाही. एक रेघ जरा बघा ना, येते का." मास्तरांनी त्याची टेस्ट केली, कॅसेट त्याच्याच हातात दिली आणि सांगितलं, "बघत बस. आली तर मला हाक मार." तो पाऊण तास पायरीवर कॅसेट घेऊन बसला होता. शेवटी मास्तरांनीच त्याच्या शेठला फोन लावला, आणि काय सांगितलं माहीत नाही, पण त्याला दोन दिवस मिळाले.

मला ते पोरी म्हणायचे. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, त्याच मिलमध्ये रंगखात्यात होते. मास्तरांनीच त्यांना शिरपुराकडून आणून चिकटवलेलं. वीस वर्षं आबा मास्तरांच्या डाव्या हाताला उभे राहिले. त्या नात्याने मास्तर माझ्यावर हक्काने चिडायचे. एका रिकाम्या दुपारी त्यांनी माझ्यापुढे दोन तुकडे टाकले आणि विचारलं, "एक की दोन?" मला दोन दिसले, डावा किंचित पिवळ्याकडे झुकलेला. तसं सांगितलं. मास्तरांनी तुकडे उचलून खिशात टाकले. संध्याकाळी निघताना म्हणाले, "तुला डोळा आहे. पण तोंड त्याच्यापेक्षा मोठं आहे." माझ्या आयुष्यात मला मिळालेलं हे सगळ्यात मोठं सर्टिफिकेट, आणि मी ते अजून मिरवते.

तरी टेबलाला हात लावायची परवानगी नव्हती. रेघ एकानेच वाचायची. दोघांनी वाचली तर भांडण होतं आणि लॉट पडून राहतो, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं नव्हतं, पण मास्तरांचं वाचन चुकलं असं कधी कानावर आलं नव्हतं, त्यामुळे मी गप्प बसायचे.

आता आमच्या घरचं सांगायला हवं. दुसरी लाट आली तेव्हा मायचे केमो चालू होते. मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी आबाला बजावलं होतं की हिच्या अंगात आता लढायला काही नाही, हिला साधी सर्दीसुद्धा लागू देऊ नका. मी क्लिनिकात काम करणारी, म्हणून मला घरात बंदी. शेजारी गावी गेले होते, त्यांच्या खोलीत मी राहायचे आणि मायला खिडकीतून बघायचे. तिचं सगळं आबा करायचे. खिचडी, औषधं, अंघोळीचं पाणी. डोक्यावरचे केस गेले तेव्हा स्वतःचा पांढरा रुमाल त्यांनीच तिला बांधून दिला.

केमोचा तिसरा डोस झाला आणि आबाला खोकला सुरू झाला. ते त्याच दिवशी घराबाहेर पडले आणि मिलच्या कपडे बदलायच्या खोलीत राहायला गेले. मायजवळ उधन्याहून मावशी आली. तीन दिवस झाले. चौथ्या दिवशी दुपारी आबा आमच्या क्लिनिकात टेस्टला आले. मी त्यांना विचारलं, "सरकारी केंद्रावर का नाही गेलात?" ते आमच्या घरच्या अहिराणीत म्हणाले, "तिथं गर्दी शे. मास्तर आपला शे."

नाक तीनदा धुऊन झालं. मास्तरांनी आबालाही पंख्याची पाती मोजायला लावली. तो दिवस ढगाळ होता, एप्रिलमध्ये असतो तसा धुरकट. पंधरा मिनिटांनी मास्तरांनी कॅसेट खिडकीशी धरली आणि म्हणाले, "कोरी." मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतच हात जोडले. आबा उठले. रिपोर्ट लिहून देते म्हटलं तर म्हणाले, "तू मांगून लई ये." रिपोर्ट मागाहून आण म्हणाले आणि सायकल काढून घराकडे गेलेसुद्धा.

रिपोर्टवर कॅसेटचा नंबर लिहावा लागतो. मी तो बघायला टेबलाशी गेले. कॅसेट उचलली. आबाला जाऊन दोन मिनिटंही झाली नव्हती. पहिली रेघ ठसठशीत होती. आणि तिच्या शेजारी, जिथे काही नसायला हवं होतं, तिथे दुसरी रेघ होती. फिकी, पण सरळ आणि पूर्ण.

"मास्तर, इथे रेघ आहे."

"नाही."

"आहे मास्तर."

त्यांनी कॅसेट माझ्या हातातून घेतली. खिडकीशी नेली, पायरीवर नेली, रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. तिरकी केली, सरळ केली. मी त्यांच्या मागे. "कुठे?" ते म्हणाले. मी बोट ठेवलं. "कुठे?" पुन्हा म्हणाले. तेव्हा माझं डोकं फिरलं. मी भर हायवेवर ओरडले, "तुम्हाला दिसत नाही का?"

मास्तर आत आले. शेडकार्ड काढलं, माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, "कोणता?"

मी सगळ्यात वरच्या तुकड्यावर बोट ठेवलं. अगदी फिका गुलाबी, नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या तळव्यासारखा.

मास्तर त्या तुकड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हा तर पांढरा आहे."

तो तुकडा त्यांनी स्वतः कापलेला, स्वतः लावलेला होता. त्यांच्या तोंडाकडे बघवेना. मी आबाला फोन लावला, तर तो मिलच्या खोलीतच राहिलेला असणार, नुसता वाजत होता. मावशीचा लागेना. मी वर बघितलं तर मास्तर टेबल सोडून रस्त्यावर पोचले होते आणि शटल रिक्षाला हात करत होते. मॅडमना ओरडून सांगितलं आणि मीही पळाले.

आमच्या सोसायटीच्या गल्लीत रिक्षा शिरत नाही. मास्तर उतरले आणि धावले. त्या वयाचा, बीपीचा माणूस, पांढरा शर्ट बाहेर आलेला, धावत होता. गल्लीच्या टोकाला आमचा ओटा. आबा नळावर पाय धूत होते. दार उघडं होतं आणि आत खाटेवर माय उठून बसलेली मला दिसली.

"थांब!" मास्तर ओरडले. "तठेच उभा ऱ्हाय! उंबरठाले पाय लावू नको!"

क्लिनिकात, मिलमध्ये मास्तर कधी अहिराणी बोलायचे नाहीत. आबा पाय धुवायचे थांबले. "काय व्हयनं मास्तर?"

गल्लीतली सगळी दारं उघडली होती. दुपारची वेळ, माणसं घरीच. मास्तर मध्ये उभे राहून धापा टाकत होते, आणि मला वाटलं आता ते काहीतरी गोल गोल बोलतील, कीट खराब होती म्हणतील, रंग होता म्हणतील. लोकांनी विश्वास ठेवला असता. मीही कदाचित ठेवला असता.

"रेघ व्हती," मास्तर म्हणाले. "माले दिसनी नई. ह्या पोरीले दिसनी. मना डोया गया. चूक मनी शे."

माझा डोळा गेला, असं तो माणूस सगळ्या गल्लीसमोर म्हणाला. मला रडू फुटलं, आणि मायसाठी नाही, मास्तरांसाठी फुटलं. आबा ओट्यावरून खाली उतरले. आतून माय विचारत होती, "कोन शे? काय व्हयनं?" मावशीने दार लावून घेतलं.

आबाची सरकारी तपासणी झाली, ती पॉझिटिव्ह आली. मिलच्या शेठने रिकाम्या गोडाउनात अशा लोकांसाठी खाटा टाकल्या होत्या, तिथे ते राहिले. त्यांना फार त्रास झाला नाही. मायला काहीच झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर दहाच्या आधीच आले. मॅडमना म्हणाले, गेल्या दहा दिवसांत मी ज्यांना ज्यांना निगेटिव्ह सांगितलं त्या सगळ्यांना परत बोलवा. मॅडम हादरल्या.

"मास्तर, आवुं करीशुं तो क्लिनिक बंध थई जशे."

"मॅडम, एक लॉट खराब निघाला की मिलमध्ये आधीचे सगळे उघडून बघतात. न बघता पाठवले तर बाजारात नाव जातं."

मॅडमनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. फोन मास्तरांनी स्वतः केले. प्रत्येकाला एकच वाक्य. "माझ्या डोळ्यांची चूक झाली आहे, पैसे लागणार नाहीत, पुन्हा या." लोक आले. एकाने मास्तरांच्या आईबापाचा उद्धार केला, ते काडी हातात घेऊन संपेपर्यंत ऐकत उभे राहिले आणि मग म्हणाले, "वर बघ." टेबलावर त्यांनी मला बसवलं. येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "काडी मी घालतो. वाचायचं हिने." पहिल्या दिवशी मी प्रत्येक कॅसेट दोनदा उजेडात नेली, दुसऱ्या दिवशी एकदाच. दोघे जण पॉझिटिव्ह निघाले, आणि दोघांच्याही घरी सांगायला मास्तर स्वतः गेले.

चौदा दिवस झाले आणि पंधराव्या दिवशी संध्याकाळी आबा घरी आले. आत लगेच गेले नाहीत, ओट्यावर बसले. मी समोरच्या पायरीवर. माय दाराशी येऊन उभी, डोक्याला रुमाल. आमच्या घरात कुणी कुणाला मिठी वगैरे मारत नाही, पण तेवढ्यात मास्तर आले म्हणूनही कदाचित राहून गेलं असेल. मास्तर मायपुढे हात जोडून उभे राहिले आणि माफी मागायला लागले. वहिनी, माझ्या हातून तुमचं काही झालं असतं तर, असं काहीतरी.

"पुरे मास्तर," आबा म्हणाले.

मास्तर थांबले नाहीत.

"पुरे म्हनस ना! माले माहित व्हतं."

आम्ही सगळे आबाकडे बघायला लागलो. आबा ओट्याच्या फरशीकडे बघून बोलले. "तुमले एकदम फिकं दिसस नई हे माले तीन वरीस माहित व्हतं. म्हनीसन मी सरकारी केंद्रावर गयू नई. तुमनाकडे उनू. माले घर येवानं व्हतं."

मला आबाचा इतका राग आला की मी उठून उभी राहिले. मास्तरांना फिकं दिसत नाही हे माहीत असताना, म्हणूनच, त्यांच्याकडे जायचं. खरी रेघ आली तरी ती त्यांना दिसणार नाही या आशेवर. आणि तो म्हातारा गल्लीभर स्वतःला शिव्या देत होता तेव्हा नळावर उभं राहून ऐकायचं. मी तोंड उघडलं, पण दाराशी उभी असलेली माय माझ्या आधी बोलली.

"मीच सांगेल व्हतं," ती म्हणाली. "मावशीना फोनवरून. काही करा पन या म्हनीसन. मरनं ते मरनं."

मेले तर मेले, असं तिचं म्हणणं. मग माझा राग कुणावर काढायचा तेच कळेना. मी खाली बसले.

मास्तरांनी मात्र मायचं ऐकलंच नसावं. ते आबाकडे बघत होते. "तीन वरीस?" ते म्हणाले. "मिलमध्ये होतो तेव्हापासून?"

आबांनी मान हलवली.

"लॉट बघताना तू खोकायचास."

"हाव."

"मी म्हणायचो, रंगाची भुकटी गेली असेल. तू खोकलास की मी लॉट पुन्हा बघायचो. परत पाठवायचो."

आबांनी पायाचा अंगठा फरशीवर घासला.

"तो खोकला खोटा होता?"

"तुम्ही मास्तर व्हता," आबा म्हणाले. "मी तोंडवर काय सांगू?"

मास्तर ओट्यावर बसले, आबापासून दोन हात लांब. मिलमधल्या शेवटच्या दोन वर्षांत बाजारातून एकही लॉट परत आला नाही, हे ते आम्हाला पन्नासदा सांगत. ते सगळे लॉट आबांनी पास केले होते, खोकून. मी मास्तरांकडे बघायचं टाळत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी शर्टाच्या बाह्या नीट केल्या आणि त्यांचा क्लिनिकातला आवाज परत आला.

"तुझा भरवसा नाही," ते आबाला म्हणाले. मग मायकडे वळले. "वहिनी, तुमचाही नाही. उद्या दहाला क्लिनिकात याची पुन्हा टेस्ट. तोवर हा आत जाणार नाही."

"चौदा दिन व्हयनात, मास्तर," माय म्हणाली.

"उद्या दहाला."

आणि त्यांनी पलीकडच्या घरातून एक स्टूल मागून आणलं, उंबऱ्यासमोर टाकलं आणि त्यावर बसले. आबा ओट्यावर, माय आत खाटेवर, मध्ये मास्तर. जेवणाचं ताट मावशीने मास्तरांच्या डोक्यावरून आबाला दिलं. माय आतून काही विचारायची, आबा बाहेरून उत्तर द्यायचे, आणि मास्तर दोघांच्या मध्ये बसून समोरच्या भिंतीकडे बघत राहायचे. हसावं की काय करावं मला कळत नव्हतं. शेवटी मी हसले, आणि माय पण हसली, ते मी कितीतरी महिन्यांनी ऐकलं.

सकाळी दहाला आम्ही क्लिनिकात होतो. आबांनी न सांगता तीनदा नाक धुतलं, न सांगता पंख्याकडे बघितलं. मास्तरांनी काडी घातली, थेंब टाकले आणि कॅसेट माझ्यापुढे ठेवून बाजूला झाले. पंधरा मिनिटं झाली. मग मी ती खिडकीशी नेली, पायरीवर नेली, तिरकी केली. पुन्हा एकदा केली. आणि परत आत आले.

मास्तरांनी कॅसेटकडे बघितलं नाही. माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि आबाला म्हणाले, "जाय घर."